सूट साठ टक्के, नंबर अडतीस: परदेशातून रायडिंग गियर मागवताना

माझ्या कपाटात मोटरसायकलवर घालायचं एक इटालियन जॅकेट सव्वा वर्ष लटकत होतं. काळं लेदर, काखेत ताणणारं कापड, खांद्यावर धातूच्या पट्ट्या. युरोपातल्या एका दुकानात त्यावर साठ टक्के सूट लागली होती आणि शिल्लक नंबर एकच होता, तोही नेमका माझा. ३८. मी देवाला हात जोडले आणि कार्ड काढलं. पार्सल आलं त्या संध्याकाळी चेन अर्ध्यावर अडकली. श्वास सोडून ओढली, मग नवऱ्याने दोन्ही बाजू धरून ठेवल्या आणि मी ओढली, तरी पोटापाशी चार बोटं फट.

आता गंमत अशी की मी भोसरीत धातूचे सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटी तपासायला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर. दोन दशांश मिलिमीटरसाठी ऑपरेटरशी भांडण. आणि स्वतःचं जॅकेट मात्र नुसत्या आकड्यावर भाळून घेतलं.

स्टुटगार्टला मावसभाऊ असतो, त्याला व्हिडिओ कॉल लावला. लेबल बघून तो हसायलाच लागला. "ताई, हे इटालियन ३८ आहे गं. इकडचं ३२. आमच्या शेजारच्यांच्या पोरीला बसेल, आठवीत आहे ती."

बायकांच्या मापांत इटालियन आकडा जर्मन आकड्याहून सहाने मोठा असतो. जर्मन ३६ म्हणजे इटालियन ४२. मला ४४ हवं होतं. ३८ घालणारी बाई मोटरसायकलवर बसणाऱ्यांत फार नसणार, म्हणून तर ते शिल्लक राहिलं होतं आणि म्हणून साठ टक्के सूट होती. दुकानदार परत घ्यायला तयार होता, पण पाठवणीचा खर्च माझा. इथे भरलेला कस्टमचा कर परत मिळवायचा तर कागदपत्रांच्या मागे लागायचं, तेही एका जॅकेटसाठी. शेवटी निगडीतल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलीला निम्म्याहून कमी किमतीत दिलं. ती खूश आहे. घाटात कधी भेटली तर मी मान वळवते.

तरीही मी परदेशातून मागवणं सोडलेलं नाही. कारण सरळ आहे: पुण्यातल्या दुकानांत बायकांसाठी म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा पुरुषांचं स्मॉल असतं. खांदे रुंद, कंबर सरळ, आणि कोपराचं आर्मर, म्हणजे आतला संरक्षक पॅड, मनगटाकडे घसरलेलं. आपल्याकडच्या रायनॉक्स, व्हायाटेरा अशा कंपन्यांचा माल चांगला असतो, माझा पावसाळी सूट इथलाच आहे. पण ग्लव्हजचं माप साडेसहा असलं की पर्याय दोन-तीनच उरतात. तिकडे त्याच मापात पन्नास जोड दिसतात, त्यातले दहा सेलमध्ये.

आधी घरपोच आकडा

साइटवर दिसते ती किंमत तिथल्या गिऱ्हाइकाची. तिच्यात त्यांचा व्हॅट मिसळलेला असतो: जर्मनीत १९ टक्के, ब्रिटनमध्ये २०, स्पेनमध्ये २१. माल देशाबाहेर पाठवला तर दुकानदाराला हा कर भरावा लागत नाही. म्हणून आधी पत्त्याचा देश भारत करायचा आणि मगच किंमत वाचायची. एफसी-मोटो आणि लुईस जर्मनीतली, मोटोकार्ड स्पेनचं, स्पोर्ट्सबाइकशॉप ब्रिटनचं, रेव्हझिला अमेरिकेचं. नावं मोठी आहेत, पण भारतात कोण पाठवतं आणि कोण नाही हे बदलत राहतं. तेव्हा कार्ट भरण्याआधी देशांची यादी बघा. देश बदलूनही आकडा तसाच राहिला तर दुकान तो व्हॅट स्वतःकडेच ठेवतंय असं समजा आणि दुसरीकडे वळा.

व्हॅट काढताना आमच्या रायडिंग ग्रुपमधले सगळे एकच चूक करतात. १९ टक्के वजा करायचे नसतात, १.१९ ने भागायचं असतं. माझ्या जॅकेटची सेलमधली किंमत १९९.९५ युरो होती. भागून आले १६८. त्यावर पाठवणी ३० धरा, झाले १९८. युरो सोयीसाठी ९० रुपये धरला तर १७,८२० रुपये.

इथवर सगळे पोचतात. पुढे कस्टम. कर नुसत्या वस्तूवर लागत नाही. वस्तू, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे पाठवणीच्या ३० युरोंवरही. रीत अशी: आधी मूळ शुल्क, मग त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, मग वस्तूची किंमत आणि ही दोन्ही मिळून जी रक्कम होते तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २०१८ साली मी पहिलं पार्सल मागवलं तेव्हा वैयक्तिक वापराच्या मालावर मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के होता. १०० रुपयांच्या वस्तूवर १० रुपये, त्यावर १ रुपया, झाले १११. त्याचे २८ टक्के ३१.०८. एकूण कर ४२.०८. पुढे मूळ शुल्क ३५ टक्के झालं आणि त्याच रीतीने एकूण कर ७७.२८ वर गेला. माझं जॅकेट नेमकं त्या काळातलं.

म्हणजे १७,८२० वर १३,७७१ रुपये कर. कुरिअर कंपनी तो आपल्या वतीने आधी भरते आणि त्याचे वेगळे पैसे लावते, ते धरा ११००. कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप बहुतेक बँकांत साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी; ते झाले ७३६. बेरीज ३३,४२७. साइटवर मी पाहिलं होतं '४९९.९५ वरून १९९.९५' आणि मनात धरलं होतं अठरा हजार.

ही टक्केवारी जशीच्या तशी उचलू नका. दर अर्थसंकल्पात हलतात, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पेच बदलले. रीत माझी घ्या, दर त्या दिवशीचा भरा. सीमाशुल्क खात्याच्या साइटवर दरपत्रकात शीर्षक ९८०४ बघायचं, ते वैयक्तिक वापराच्या मालाचं. आणि पार्सल सुटल्यावर बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे कस्टममधल्या नोंदीच्या कागदाची, प्रत मागून घ्या. कुरिअरवाल्यांनी कधी कधी माल ९८०४ खाली न टाकता वस्तूच्या स्वतःच्या शीर्षकाखाली टाकलेला असतो, चामड्याचे ग्लव्हज असतील तर ४२०३. आकडा आपल्या हिशेबाशी जुळला नाही तर पहिला प्रश्न हाच विचारायचा. कोणत्या शीर्षकाखाली?

काही दुकानं कर पैसे भरतानाच घेतात, दारात काही द्यावं लागत नाही. दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी मला ती पद्धत आवडते. आकडा आधी कळतो.

मी वहीत हा हिशेब लिहिते आणि शेजारी पुण्यातल्या दुकानातली किंमत लिहिते. फरक निदान पाव हिश्श्याचा नसेल तर इथूनच घेते. इथे माप चुकलं तर रविवारी जाऊन बदलून आणता येतं, त्याची किंमत मी तेवढी धरते.

अजून एक, आकारी वजन. कुरिअर वजन काट्यावर जितकं भरतं तितकंच धरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. जे जास्त येईल त्याचे पैसे. जॅकेटचं खोकं ५० बाय ४० बाय १५ असलं तर ते सहा किलोचं झालं, जॅकेट अडीच किलोचं का असेना. ग्लव्हजचं पाकीट मात्र स्वस्तात येतं. काय मागवावं याचं निम्मं उत्तर या भागाकारातच आहे.

मागवण्यासारखं काय, सोडण्यासारखं काय

सगळ्यात फायद्याची वस्तू कुणी मागवत नाही: आर्मर. जॅकेटच्या आत खांद्याला, कोपराला आणि पाठीला जे पॅड असतात ते. इथल्या बेताच्या किमतीच्या जॅकेटमध्ये पाठीच्या खिशात पुष्कळदा साधा फोम असतो. हात घालून काढा, बोटांनी दाबा, त्यावर ईएन १६२१ असं काही छापलेलं नसेल तर ती नुसती गादी. युरोपीय मानकात पाठीच्या प्रोटेक्टरसाठी ईएन १६२१-२ आहे. ठरावीक आघात देऊन पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये ९ पर्यंत. निम्मा. हातापायांच्या पॅडसाठी ईएन १६२१-१, तिथे हेच आकडे ३५ आणि २०. लेव्हल २ चा एक पाठीचा पॅड आणि खांद्या-कोपरांची जोडी सेलमध्ये मागवली तर पार्सल लहान, कर थोडा आणि फिटिंगची भानगड जवळजवळ नाही.

जवळजवळ म्हटलं, कारण खिशाचं माप घ्यावंच लागतं. मी वर्तमानपत्राचा कागद खिशात सरकवला, बाहेरून बोटाने कडा दाबत नेल्या, बाहेर काढून कात्रीने कापला. मग साइटवर दिलेल्या मापांचं पुठ्ठ्याचं टेम्पलेट केलं आणि ते खिशात घालून बघितलं. कोपराच्या खिशात ते अठरा मिलिमीटर लांब भरलं. त्याच पॅडचा छोटा आकारही असतो, पुष्कळ कंपन्या टाइप ए आणि टाइप बी म्हणून देतात, ए लहान. तो मागवला. नवरा म्हणाला, घरीही फर्स्ट पीस इन्स्पेक्शन का? हो, घरीही.

ग्लव्हज ही दुसरी वस्तू. मागच्या वर्षी पाऊस उघडताना वरंध घाटात शेवाळलेल्या वळणावर मी आडवी झाले. वेग काही नव्हता, तीसेक असेल. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तो काही विचारून टाकत नाही. तळहाताची मनगटाजवळची बाजू डांबरावर टेकली. ते ग्लव्हज अजून माझ्याकडे आहेत: तळव्याच्या टाचेवर प्लास्टिकची एक गुळगुळीत चकती, तिच्यावर समांतर ओरखडे, एका कडेला खडीचा कण रुतलेला. बाजूचं चामडं साधं खरचटलेलं. ती चकती नसती तर हात तिथेच अडकला असता आणि मागून सगळं वजन मनगटावर आलं असतं. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, ते अशाच पडण्यात मोडतं आणि रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे जुळायला फार वेळ घेतं. अशा चकतीला स्लायडर म्हणतात; ब्रिटनच्या नॉक्स कंपनीने त्यावर बरंच काम केलंय, आता इतरही देतात. ग्लव्हजचं मानक ईएन १३५९४. लेबलवर मोटरसायकलस्वाराचं चित्र, खाली १ किंवा २. २ जास्त कडक. 'केपी' लिहिलं असेल तर मुठीवरच्या बोटांच्या सांध्यांचं संरक्षणही तपासलेलं आहे.

हेल्मेट बाहेरून मागवू नका. सेलमध्ये सगळ्यात मोह घालतं तेच, मला कळतं. युरोपात हेल्मेटचं जुनं मानक ईसीई २२.०५ जाऊन २२.०६ आलं तेव्हा जुना माल दुकानांनी पडेल त्या किमतीला काढला आणि आपली पोरं त्यावर तुटून पडली. पण आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, मानक आयएस ४१५१. त्याशिवायचं हेल्मेट कस्टममध्ये अडकू शकतं, आणि सुटून आलं तरी रस्त्यावर हवालदाराशी आणि अपघातानंतर विम्यावाल्याशी वाद घालत बसायचं. शिवाय हेल्मेट डोक्यात घालून अर्धा तास बसल्याशिवाय घ्यायची वस्तूच नव्हे. कपाळावर कुठे टोचतं ते वीस मिनिटांनी कळतं.

ब्लूटूथ इंटरकॉम हे वायरलेस उपकरण. त्याच्या आयातीला वेगळ्या मंजुरीची भानगड आहे, इथल्या वितरकाकडूनच घ्या. एअरबॅग वेस्टची गॅसची नळकांडी आणि चेन ल्यूबचे स्प्रे कुरिअर विमानाने सहसा घेत नाही.

बूट मागवावेत, पण तारीख विचारून. सेलमधला बूट कधी कधी गोदामात पाच-सहा वर्षं पडलेला असतो. पॉलियुरेथेनचा तळवा दमट हवेत न वापरताही आतून सडतो. बाहेरून नवा कोरा दिसतो आणि एके दिवशी बिस्किटासारखा भुगा होतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा तळवा ताम्हिणीत चहाच्या टपरीवर गळून पडला, गाडीला पाय टेकवतानाच. तो बूट दोनदाच घातलेला होता. दुकानाला मेल टाका, उत्पादनाची तारीख विचारा. चांगलं दुकान आतल्या लेबलचा फोटो पाठवतं.

जॅकेट सगळ्यात शेवटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे हिवाळी जॅकेटं निम्म्या किमतीत निघतात: तीन थर, थर्मल, वॉटरप्रूफ पडदा. ती चाकणच्या सिग्नलला एप्रिलमध्ये घालून बघा. आपल्या कामाची मेश, म्हणजे जाळीदार कापडाची, जॅकेटं, ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्वस्त होतात, त्यांचा उन्हाळा संपला की. नोव्हेंबरात मिलानला आयक्माचं प्रदर्शन भरतं, पुढच्या वर्षीचे रंग आणि मॉडेलं तिथे जाहीर होतात, मग चालू वर्षाचे रंग आणखी उतरतात. रंगाचा हट्ट नसलेल्यांचा हा महिना. पावसाचं म्हणाल तर बाहेरचं कापड भिजणारं आणि पडदा आतून असलेलं जॅकेट आपल्या पावसात पाणी पिऊन जड होतं. मेश आणि वरून साधा रेनकोट हे बरं.

लेबल वाचताना एक बारकावा. सीई हा युरोपीय मानकांचा शिक्का. 'सीई प्रोटेक्टर' आणि 'सीई प्रमाणित जॅकेट' या दोन गोष्टी वेगळ्या. पहिल्यात फक्त आतले पॅड तपासलेले असतात, कापड आणि शिलाई देवाच्या भरवशावर. एप्रिल २०१८ पासून युरोपात संरक्षक साहित्याचा नवा नियम लागू झाला आणि पुढे कपड्यांसाठी ईएन १७०९२ आलं: एएए, एए, ए असे वर्ग, एएए सगळ्यात मजबूत. फार जुना माल सेलमध्ये असेल तर त्यावर हे नसतं. मी एए च्या खाली जात नाही. मेशमध्ये बरीच जॅकेटं फक्त ए असतात, तेव्हा शोधावं लागतं.

माप

ब्लाउज शिवताना शिंपी घेतो ती मापं इथे पुरत नाहीत. छाती, कंबर, नितंब यांच्याबरोबर हाताची लांबी आणि पायाची आतली लांबी लागते. आणि ती दुसऱ्याने घ्यायची असतात. स्वतःची टेप स्वतः धरली की माणूस श्वास ओढतोच. मापं घेतल्यावर गाडी स्टँडवर लावून तिच्यावर बसा, हात हँडलवर ठेवा आणि पुन्हा घ्या. माझी बाही उभं असताना आणि बसल्यावर यांत चार सेंटिमीटरचा फरक पडतो. पाठीच्या प्रोटेक्टरसाठी कंबर ते खांदा अशी लांबी हवी, एकूण उंचीवरून घेऊ नका. पाय लांब आणि धड आखूड असलेल्यांना लांब पॅड बसल्यावर मानेत घुसतो.

पुरुषांचं गणित सोपं. छातीचा ब्रिटिश किंवा अमेरिकन इंचातला आकडा, त्यात १० मिळवले की युरोपीय: ४० ला ५०, ४२ ला ५२. बायकांचं मी वर रडले आहेच. आकड्यावर जाऊच नका, त्या कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यातले सेंटिमीटर बघा. दुकानाचा सरसकट तक्ता असतो तो वेगळा, तो उपयोगाचा नाही. रेव्हिट डच, हेल्ड जर्मन, डायनेजे इटालियन; एकाच पानावर तिघांचे आकडे शेजारी दिसतात आणि अर्थ वेगळा.

ग्लव्हजसाठी तळहाताचा घेर, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी, मूठ अर्धवट मिटून. इंचात जो आकडा येईल साधारण तोच युरोपीय नंबर. १७ सेंटिमीटर आले तर ६.७ इंच, म्हणजे साडेसहा ते सात. बोटं लांब असतील तर वरचा घ्या. ब्रेक दाबताना बोटाच्या टोकाला चामडं टोचलं तर ते रोज टोचणार.

पैसे आणि पार्सल

मार्च २०२० पासून नवं कार्ड मिळतं तेव्हा त्यावर परदेशी व्यवहार बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करा, मर्यादा लावा, काम झालं की पुन्हा बंद करा. पैसे भरताना 'रुपयांत भरा' असा प्रेमळ पर्याय दिसला तर नको म्हणा, युरोतच भरा. तो दर त्यांच्या सोयीचा असतो. दुकान फक्त बँक ट्रान्सफर मागत असेल तर बाहेर पडा, तिथे पैसे परत मागायची सोय नाही. सगळ्याच वस्तूंवर ऐंशी टक्के सूट, सगळे नंबर उपलब्ध, असं दिसलं तरी तेच. जर्मन दुकानाच्या साइटवर खाली 'इम्प्रेसुम' नावाचं पान कायद्याने असावं लागतं: कंपनीचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. ते नसेल किंवा पत्ता नकाशावर भलतीकडे निघाला तर विषय संपला.

पार्सल निघाल्यावर कुरिअरकडून केवायसीचा निरोप येतो, आधार किंवा पासपोर्टची प्रत मागतात. पहिल्या वेळी मी तो मेसेज फसवणुकीचा समजून डिलीट केला आणि पार्सल आठवडाभर मुंबईत पडून राहिलं, वर गोदामाचं भाडं. माझी शंका अगदीच चुकीची नव्हती, तसे खोटे मेसेज येतातच. म्हणून मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका. कुरिअरची साइट स्वतः टाइप करून उघडा, ट्रॅकिंग नंबर टाका, तिथे केवायसी मागितलेलं दिसलं तरच भरा. नाव आधारवर आहे तसंच ऑर्डरवर टाका; माझी ऑर्डर सासरच्या नावाने आणि आधार माहेरच्या, त्यात दोन दिवस गेले.

स्वस्त पाठवणी निवडली तर माल टपालाने येतो. माझी अशी दोन पार्सलं मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनातून आली. कर पोस्टमन दारात रोख घेतो आणि पावती देतो. वेळ जास्त लागतो, कुरिअरचा वरखर्च मात्र वाचतो. घाई नसेल तर वाईट नाही.

'गिफ्ट म्हणून पाठवा' असं दुकानाला सांगणारे अजून आहेत. डिसेंबर २०१९ पासून टपाल किंवा कुरिअरने आलेला माल भेट म्हणून कर न भरता सोडवायला बंदी आहे; सूट फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. किंमत कमी दाखवायला सांगणंही तसंच. अधिकारी दुकानाची साइट फोनवर उघडू शकतो, आणि खोक्यात वस्तू हरवली तर विमा त्या कमी दाखवलेल्या किमतीचाच मिळतो.

चौघांनी मिळून एकच ऑर्डर टाकली तर पाठवणी वाटली जाते, हेही करून झालं. एका नावावर सहा जोड ग्लव्हज, मापं सहा. साहजिकच विचारणा आली की हे विकायला आणताय का, आयात-निर्यात कोड द्या. ते समजावण्यात महिना गेला. आता आम्ही दोघी मिळून दोन वस्तू, त्यापुढे नाही.

तिकडून कुणी येणार असेल तर गोष्ट वेगळी. प्रवाशाला सामानावर करमुक्त मर्यादा असते, २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती. ताजा आकडा प्रवासाआधी बघा. दोघांची मर्यादा एकत्र करून एक महाग वस्तू आणता येत नाही. तिकडच्या पत्त्यावर मागवलं तर व्हॅट सुटत नाही, पण इथला कर वाचतो. माझे बूट मी असेच मावसभावाकडे मागवले. त्याने घरी खोकं उघडून मापं पडताळून घेतली, चुकलं असतं तर जर्मनीतल्या जर्मनीत परत गेलं असतं. मी त्याला आतल्या तळव्याची लांबी मोजायला लावली, मिलिमीटरमध्ये. तो म्हणाला, ताई, पट्टी शोधायला आता मला दुकानात जावं लागेल. गेला.

बूट गणपतीला आले. बॅगेत जागा वाया जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही बुटांत मावशीसाठी चॉकलेटं कोंबली होती. मावशीने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, याला चपलेच्या दुकानाचा वास येतोय.